दुव्याआडची अडत

हल्ली आंतरजालावर कुठे पुस्तकाचं, कुकरचं किंवा गुडघ्याच्या पट्ट्याचं नाव निळ्या अक्षरांत दिसलं, की मी त्यावर लगेच टिचकी मारत नाही. माउसचा बाण नुसता त्यावर नेऊन ठेवते आणि पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात काय उमटतं ते वाचते. मोबाइल असेल तर बोट दाबून धरते, म्हणजे पत्ता दिसतो. ही सवय मला माझ्या भाच्याने लावली. त्याला आता त्याचा थोडा पश्चात्ताप होत असावा, कारण या सवयीचा पहिला उपयोग मी त्याच्याच संकेतस्थळावर केला.

पत्ते साधारण तीन तऱ्हेचे दिसतात. पहिला सरळ, दुकानाचं नाव आणि वस्तूचं नाव. दुसरा लांबलचक, मारुतीच्या शेपटासारखा. त्या शेपटात कुठेतरी ‘टॅग’ असा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे कुणाचं तरी खूणनाव असतं. भारतातल्या अ‍ॅमेझॉनचा असेल तर खूणनावाच्या शेवटी आडवी रेघ आणि २१ हा आकडा. तिसरा पत्ता मात्र छोटा आणि नीटनेटका असतो. त्यात दुकानाचं नावच नसतं. ज्या संकेतस्थळावर तुम्ही बसला आहात त्याचंच नाव, मग ‘शिफारस’ किंवा ‘जा’ अशा अर्थाचा एखादा इंग्रजी शब्द आणि मग ‘मिक्सर’. वाटतं, हा लेखक आपल्याला त्याच्याच दुसऱ्या पानावर नेतोय. टिचकी मारली की मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत आपण दुकानात उभे.

दुसरा आणि तिसरा, दोन्ही एकाच जातीचे. तिसऱ्याने फक्त मुखवटा घातलेला.

याला इंग्रजीत अ‍ॅफिलिएट लिंक म्हणतात. ‘संलग्न दुवा’ असं मराठी कुणीतरी केलंय, पण ते ऐकलं की मला विद्यापीठाला संलग्न महाविद्यालय आठवतं. मी आपली त्याला अडतीचा दुवा म्हणते. कल्पना अगदी सोपी आहे. तुम्ही एखादी वस्तू चांगली आहे असं लिहिता, खाली दुकानाचा दुवा देता, वाचक त्या दुव्यावरून जाऊन ती विकत घेतो आणि दुकान तुम्हाला किमतीतला काही भाग देतं. सीडी विकणाऱ्या सीडीनाऊ नावाच्या अमेरिकन दुकानाने १९९४ मध्ये असं काही सुरू केलं होतं. अ‍ॅमेझॉनने जुलै १९९६ मध्ये आपली असोसिएट्स योजना काढली, तेव्हा तिथे फक्त पुस्तकं मिळायची. म्हणजे या सगळ्या प्रकाराचा उगम ‘हे पुस्तक वाचा हो’ असं सांगणाऱ्या माणसांत आहे. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं. पुस्तक सुचवणाऱ्याला चार पैसे मिळाले तर त्यात वाईट काय?

अडत कुणाला द्यायची हे दुकानाला कळतं ते त्या शेपटातल्या खूणनावामुळे. तुम्ही टिचकी मारली की दुकान तुमच्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवतं (तिला कुकी म्हणतात, खायची नव्हे). अ‍ॅमेझॉनच्या बाबतीत ती साधारण २४ तास चालते. गंमत अशी, की तुम्ही पुस्तकाच्या दुव्यावरून गेलात, पुस्तक घेतलंच नाहीत आणि संध्याकाळी त्याच दुकानातून चपला घेतल्यात, तरी चपलांची अडत बहुधा पुस्तक सुचवणाऱ्यालाच जाते. तुम्हाला किंमत तेवढीच पडते. म्हणून तुम्हाला काही कळायचं कारणच नसतं.

आता भाच्याबद्दल. माझ्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा पुण्यात असतो. आधी नोकरी करायचा, आता सहा वर्षं स्वयंपाकघरातल्या यंत्रांबद्दल लिहितो. मिक्सर, घरघंटी, हवेवर तळायचं ते यंत्र, इंडक्शनची शेगडी. स्वतः वापरून बघतो, वाटण किती बारीक होतं त्याचे फोटो काढतो, आवाज मोजतो. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि भिजवलेली उडदाची डाळ अशा त्याच्या दोन ठरलेल्या परीक्षा आहेत, त्यात नापास झालेला मिक्सर तो सुचवत नाही. काम प्रामाणिक आहे हे मी त्याच्या घरी चार दिवस राहून पाहिलंय. त्या चार दिवसांत आम्ही फक्त चटण्या खाल्ल्या. पैसे कुठून येतात? सगळे अडतीतून. घराचा हप्ता, मुलीची फी, सगळं.

त्याच्या लेखांमध्ये मिळून अकराशेच्या वर दुवे आहेत. ते सांभाळायला वर्डप्रेसमध्ये प्लगइन नावाचे जोड बसवता येतात. त्यातले दोन नामांकित. एकाचं नाव प्रिटी लिंक्स, म्हणजे देखणे दुवे. दुसऱ्याचं थर्स्टीअ‍ॅफिलिएट्स. (नावातच तहान आहे बघा. एवढा खरेपणा जाहिरातीत क्वचित सापडतो.) त्याने मला पडदा उघडून दाखवला आणि मी शाळेच्या हजेरीपटासारखा तो वाचला. डाव्या रकान्यात छोटा देखणा पत्ता, मधल्यात खरा शेपटीवाला, उजवीकडे आजवर किती टिचक्या पडल्या त्याचा आकडा.

यातली सोय मला लगेच पटली, आणि ती मान्य करायला हवी. समजा एका कंपनीने एक मिक्सर बनवायचा बंद केला. त्या मिक्सरचा दुवा चाळीस लेखांत विखुरलेला आहे. प्लगइन नसेल तर चाळीस लेख उघडा, चाळीस जागी दुरुस्ती करा, आणि एकेचाळिसावा राहून जाईलच. प्लगइन असेल तर त्या पटावर मधल्या रकान्यात एकदा पत्ता बदलला की चाळीसही ठिकाणी बदलला. आम्ही पाठ्यपुस्तक बदललं की वर्षभराचं टाचण पुन्हा लिहायचो, त्यांनाच या सोयीची किंमत कळेल.

एक बारकावा त्याने सांगितला तो मला फार आवडला. छोट्या पत्त्यावरून खऱ्या पत्त्यावर पाठवताना संगणक एक आकडा बोलतो. ३०१ म्हणजे ‘बिऱ्हाड कायमचं हलवलं’. ३०२ किंवा ३०७ म्हणजे ‘तात्पुरते तिकडे राहायला गेलोत’. कायमचं म्हणून सांगितलं तर वाचकाचा ब्राउझर ते लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी आपल्याला न विचारताच थेट जुन्या ठिकाणी जातो. मग मधला रकाना बदलून उपयोग नाही. म्हणून जिथे पत्ता बदलायची शक्यता आहे तिथे ३०२ किंवा ३०७ ठेवायचा. पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज देताना आपण हाच फरक करतो की!

इथवर सगळं व्यवस्थापन झालं. माझी गाडी अडली ती मुखवट्यावर.

‘‘हे दुवे सांभाळायला आहे ते कळलं. पण दुकानाचं नाव झाकतोस कशाला?’’

‘‘मावशी, लांब पत्ता दिसला की लोक घाबरतात. त्यांना व्हायरस वाटतो.’’

‘‘बरं. आणखी?’’

‘‘आणि अडत चोरतात.’’

हे दुसरं कारण खोटं नाही. या धंद्यात चोऱ्या भरपूर आहेत, आणि वाचकाला त्यांचा पत्ताही नसतो. लोकांनी टिचकी मारलेलीच नसताना त्यांच्या संगणकात गुपचूप चिठ्ठी घुसवायची, आणि ते पुढे आपणहून दुकानात गेले की अडत आपल्या खात्यात, असा एक प्रकार आहे. ईबेच्या दोन बड्या अडत्यांना याच उद्योगासाठी अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१४ मध्ये तुरुंगात पाठवलं. त्यातला एकजण श्रोत्यांना ‘कशावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका’ असं शिकवणारा कार्यक्रम चालवायचा. आता काय बोलावं!

अलीकडचं प्रकरण हनी नावाच्या ब्राउझरच्या जोडाचं. तुम्हाला सवलतीचे कूपन शोधून देतो असं सांगणारा हा जोड पेपालने २०२० साली सुमारे चार अब्ज डॉलरना घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या एका यूट्यूबवाल्याने आरोप केला, की गिऱ्हाईक पैसे भरायच्या पानावर पोचलं की हा जोड आधीच्या माणसाची चिठ्ठी काढून आपली ठेवतो. म्हणजे वस्तू समजावून सांगितली एकाने आणि अडत खाल्ली दाराशी उभ्या असलेल्याने. पेपालचं म्हणणं, शेवटची टिचकी ज्याची त्याची अडत, हा या धंद्याचा रिवाजच आहे. मार्च २०२५ मध्ये गुगलने आपल्या क्रोमच्या दुकानातले नियम बदलले. गिऱ्हाइकाचा काही प्रत्यक्ष फायदा होत नसेल तर अशा जोडांनी अडतीचे दुवे घुसडायचे नाहीत असं ठरलं.

पण यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी ती भाच्याला म्हटली. चिठ्ठी जर दाराशीच बदलली जाते, तर तुझ्या दुव्यावरच्या मुखवट्याने ती वाचते कशी? तो हसला. ‘‘नाही वाचत.’’ म्हणजे मुखवटा या मोठ्या चोरांपासून वाचवत नाही. कुणी शेपटातलं खूणनाव हाताने पुसून टाकेल, एवढ्याच भीतीवर तो उतारा आहे.

गंमत म्हणजे खुद्द अ‍ॅमेझॉनला मुखवटा चालत नाही. दुवा कुठे जातो हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, असं त्यांच्या नियमांत आहे. म्हणूनच त्या तहानलेल्या प्लगइनमध्ये अ‍ॅमेझॉनच्या दुव्यांपुरता मुखवटा उतरवायचीही सोय दिलेली आहे. शिवाय ‘मी अ‍ॅमेझॉनचा असोसिएट आहे आणि खरेदीवर मला पैसे मिळतात’ अशा अर्थाचं वाक्य प्रत्येकाने आपल्या संकेतस्थळावर लिहायचं असतं. भाच्याने ते लिहिलंय. सगळ्यात तळाला, करड्या रंगात, इंग्रजीत. मिक्सरचा लेख मराठीत आणि कमिशनचं वाक्य इंग्रजीत! मी ते चष्मा पुसून दोनदा शोधलं तेव्हा सापडलं.

आणि मग त्याच्या पडद्यावर मला ती खूण दिसली. प्रत्येक दुव्याशेजारी एक छोटी चौकट, आणि तीत बरोबरची खूण.

‘‘हे काय रे?’’

‘‘ते गुगलसाठी. स्पॉन्सर्ड म्हणून सांगावं लागतं.’’

त्याचं असं आहे. गुगल एखाद्या पानाची पत ठरवताना त्याकडे किती जणांनी बोट दाखवलंय ते बघतं. पैसे घेऊन दाखवलेलं बोट मोजू नये म्हणून दुव्याच्या आत, वाचकाला न दिसणाऱ्या भाषेत, एक शब्द घालायचा असतो. २००५ मध्ये त्यासाठी ‘नोफॉलो’ हा शब्द आला आणि २०१९ मध्ये खास पैशाच्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’. प्लगइन तो शब्द आपोआप घालतं, चौकटीत एकदा खूण केली की झालं. न घालावा तर गुगल रागावतं आणि पान शोधात मागे टाकतं.

मी म्हटलं, ‘‘म्हणजे या दुव्याचे तुला पैसे मिळतात हे तू गुगलच्या यंत्राला प्रत्येक दुव्यागणिक सांगतोस. आणि ज्या बाईने तुझा लेख वाचून साडेपाच हजारांचा मिक्सर घेतला, तिला तळाशी करड्या अक्षरांत?’’

तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘मावशी, तू पेन्शनवर आहेस. माझं घर याच्यावर चालतं. ‘जाहिरात’ हा शब्द वाचला की लोक पान बंद करतात.’’

हे वाक्य मी सहज उडवून लावू शकत नाही. तो चार दिवस चटण्या वाटून एक लेख लिहितो. शेजारच्या संकेतस्थळावर मिक्सरला हात न लावता, कंपनीचंच पत्रक उतरवून ‘टॉप टेन’ लिहिणारे बसलेत. तेही मुखवटाच लावतात, आणि त्यांचं जास्त चालतं. याने एकट्याने उघडं केलं तर शिक्षा यालाच.

पण अडत उघडी केली की धंदा बसतो, हेही मला पुरतं पटत नाही. माझे वडील सांगलीला हळद घालायचे. सौदा झाला की घरी पट्टी यायची. त्या पट्टीवर वजन, भाव, आणि त्याखाली ओळीने हमाली, तोलाई, अडत असं सगळं लिहिलेलं. अडत्याने किती घेतले हे वडिलांना पैशापर्यंत ठाऊक असायचं. ते कुरकुरायचे, शिव्याही द्यायचे (आमच्यासमोर नाही), पण पुढच्या वर्षी त्याच अडत्याकडे जायचे, कारण तो पट्टीवर लिहायचा तेवढंच घ्यायचा. उलट खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचे सौदे चालायचे ते रुमालाखाली. दोघांनी हातात हात घालायचे, वरून रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचा. बघणाऱ्याला काही कळू नये म्हणूनच तो रुमाल. आमचे आजोबा म्हणे बैल आणायला जाताना नेहमी ओळखीचा माणूस बरोबर न्यायचे, आणि परत येताना त्या माणसाला दलालाकडून काय मिळालं असेल याचा विचार करत यायचे.

शाळेतही हा प्रश्न यायचाच. जून उजाडला की प्रकाशनांची माणसं नमुना प्रती घेऊन शिक्षकांच्या खोलीत हजर. ‘‘बाई, वर्गात नुसतं नाव सांगा, बाकी आम्ही बघतो.’’ ‘बाकी’ म्हणजे काय ते सगळ्यांना कळायचं. आमच्या मुख्याध्यापिकांनी यावर काढलेला तोडगा मला अजून आठवतो. गावातल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाशी त्यांनी बोलणं केलं, आणि दर्शनी फळ्यावर खडूने लिहिलं, की अमुक दुकानातून वह्या घेतल्यास रुपयामागे पाच पैसे शाळेच्या वाचनालयाला मिळतात, सक्ती नाही. तळाशी सही. काही पालक तिथून घ्यायचे, काही मुद्दाम दुसरीकडून. एकानेही येऊन ‘बाई, यात तुमचं काय?’ असं विचारलं नाही. विचारायला जागाच ठेवली नव्हती. त्या पैशांतून आलेली पुस्तकं मी मुलांना वाचून दाखवली आहेत.

हे सगळं मी इतकं मनावर का घेतलं, त्याचं कारण आमच्या वन्सं. म्हणजे ह्यांची थोरली बहीण, वय वर्षं ८१. त्या रोज सकाळी एका आरोग्यविषयक लिहिणाऱ्या गृहस्थांचं वाचतात. कुणाचं ते सांगत नाही. त्यांनी सुचवलेलं पाय दाबायचं यंत्र वन्संनी घेतलं. नऊ हजार रुपये. यंत्र वाईट नाही, चालतं. पण नातवाने त्या दुव्यावर बोट दाबून धरलं, पुढचा पत्ता उलगडून दाखवला आणि सांगितलं, की आजी, हे तुला सांगायचे त्यांना पैसे मिळाले. वन्संना पैशाचं काही वाटलं नाही. ‘‘मला वाटलं, त्यांनी माझ्या पायाचा विचार केला,’’ असं त्या म्हणाल्या. आणि मग मला फोन करून विचारलं, ‘‘अगं, तू दर मेमध्ये पुस्तकांची यादी पाठवतेस, त्यातही असं काही असतं का?’’

मी मे महिन्यात नात्यातल्या मुलांसाठी पुस्तकांची यादी करते, अकरा वर्षं झाली. वयाप्रमाणे गट, प्रत्येक पुस्तकाबद्दल दोन ओळी. त्यात कधी एक पैसा नव्हता. वन्संना तसं सांगितलं आणि त्यांनी विश्वास ठेवला. पण प्रश्न त्यांना पडला, याचं मला जास्त लागलं. दुसऱ्याच कुणाचा रुमाल उचलला गेला आणि माझ्या अकरा वर्षांच्या याद्यांवर संशयाची सावली पडून गेली. उद्याचा सल्ला संशयास्पद होतो हे ठीक आहे, पण यात कालचेही सल्ले पुन्हा तपासायला निघतात. झाकलेल्या अडतीची ही किंमत त्या प्लगइनच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

त्यात योगायोग असा, की त्याच आठवड्यात भाचा म्हणाला होता, ‘‘मावशी, तुझी यादी माझ्या संकेतस्थळावर ठेवू. पुस्तकांना दुवे लावतो, तू नातेवाइकांना फक्त पान पाठव. वर्षाचे तुझे औषधाचे पैसे निघतील.’’ त्याचा हेतू प्रेमाचाच होता. मी नको म्हटलं. अडत वाईट म्हणून नव्हे, फळ्यावर लिहून वाचनालयाला द्यायची असती तर मी घेतली असती. पण वन्संना दिलेलं उत्तर मला पुढच्या मेमध्येही तसंच देता यायला हवं. शिवाय आणखी एक गोष्ट होती. माझ्या यादीतली निम्मी पुस्तकं छोट्या प्रकाशकांची, ती मोठ्या जालीय दुकानात कधी असतात, कधी नसतात. गणपती पेठेतला दुकानदार ती मागवून देतो, पण तो अडत देत नाही. दुवे लावायचे ठरवलं, की हळूहळू दुवा नसलेलं पुस्तक यादीतून गळणार. मुद्दाम कुणी गाळत नाही हो, आपोआप गळतं. भाच्याच्या लेखांतही मी पाहिलं, तुळशीबागेत मिळणारा साधा लोखंडी तवा कुठेच नाही. तो चांगला असतो हे त्याला माहीत आहे. त्याच्याच घरात आहे!

किंमत तेवढीच पडते हे म्हणून खरं असूनही अपुरं आहे. सुचवलेल्या वस्तूची किंमत तेवढीच पडते. न सुचवलेल्या वस्तूबद्दल वाचकाला कळत नाही.

सरकारचंही याकडे लक्ष गेलेलं आहे. अमेरिकेत २००९ पासूनच असे हितसंबंध उघड करण्याचे दंडक आहेत. आपल्याकडे जाहिरात क्षेत्राच्या अ‍ॅस्की या स्वयंनियामक संस्थेने २०२१ मध्ये नियम केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सूचना काढल्या, की शिफारस करणाऱ्याचा काही लाभ असेल तर तो ठळक आणि चुकता येणार नाही असा सांगावा. हॅशटॅगांच्या किंवा दुव्यांच्या गर्दीत तो मिसळू नये असंही त्यात आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मी भाच्याला दंडाची भीती घातली नाही. त्याला ते माझ्या आधी माहीत होतं.

शेवटी तो म्हणाला, ‘‘बरं, तू लिहून दे वाक्य.’’ मी म्हटलं, तू लिही, मी तपासते. त्याने लिहिलं, ‘या पृष्ठावरील काही दुवे संलग्न स्वरूपाचे असू शकतात व त्याद्वारे आम्हास अल्प मोबदला प्राप्त होऊ शकतो.’ मी लाल पेन काढलं. (खरंच काढलं. घरात अजून तीन आहेत.) ‘असू शकतात’ म्हणजे काय? आहेत की नाहीत हे तुझ्या पटावर लिहिलेलं आहे. ‘आम्हास’ म्हणजे कोण? तू एकटा आहेस. ‘अल्प’ कुणी ठरवलं? ‘प्राप्त’ राहू दे देवाला. तीन वेळा खोडाखोड झाली आणि हे उरलं: ‘खालच्या दुव्यावरून तुम्ही मिक्सर घेतलात तर दुकान मला कमिशन देतं. तुम्हाला किंमत तेवढीच पडते. जवळच्या दुकानात स्वस्त मिळाला तर तिथून घ्या.’ शेवटच्या वाक्यावर तो बराच वेळ अडला होता. मग म्हणाला, राहू दे.

हे वाक्य आता दुव्याच्या वर असतं, लेखाच्याच अक्षरात. दुव्यांचा पट तसाच आहे, चाळीस जागी एकदम दुरुस्ती करायची सोय तशीच. छोटे पत्तेही आहेत, पण पत्त्यात आता दुकानाचं नाव घालतो, म्हणजे बाण नेला की कुठे जाणार ते दिसतं. अ‍ॅमेझॉनचे तर पूर्ण उघडे केले. सगळीकडे नाही हं. आधी दहा लेखांवर करून बघतोय, उरलेल्यांवर जुनंच आहे, आणि माझा त्यावर आग्रह नाही. हप्ता त्याला भरायचा आहे.

मागच्या रविवारी त्याने पट दाखवला. त्या दहा लेखांवरच्या टिचक्या पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ चौथाईने कमी झाल्या होत्या. दुसऱ्या पंधरवड्यात थोड्या वर आल्या, पूर्वीइतक्या नाहीत. एका बाईंनी त्याला लिहिलं, की मी जवळच्या दुकानात बघितला, तिथे दोनशेने महाग होता, म्हणून तुमच्या दुव्यावरून घेतला. एका गृहस्थांनी लिहिलं, की आजवर फुकट सांगताय असं वाटलं होतं. पहिलं पत्र त्याने मला लगेच पाठवलं. दुसरं मी विचारलं तेव्हा दाखवलं.

दिवाळीपर्यंत बघू, म्हणतो. दिवाळीत मिक्सर जास्त खपतात.